डावीकडे झुकलेलं पान

मनोरमा उकिडवेला माणसं चेहऱ्यावरून फारशी लक्षात राहत नाहीत, पाठीवरून राहतात. दवाखाना असो, बँक असो, लग्नाचा हॉल असो, हातानं विणलेला स्वेटर घालून कोणी हिच्याकडे पाठ करून उभं राहिलं की हिचे डोळे तिथे खिळलेच. मग ओठ हलायला लागतात. नवख्याला वाटतं, बाई जप करताहेत. बाई टाके मोजत असतात. एकदा ओळखीच्यांकडे समाचाराला गेलेली असताना तिनं रडणाऱ्या सुनेच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवला. तो सांत्वनासाठी फिरवला, असं त्या घरातले लोक अजूनही मानतात आणि तिचं नाव निघालं की गहिवरतात.

ह्यात तिचं एकटीचं असं काही नाही. ती लग्न होऊन भोपाळला आली आणि पिपलानीत कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला लागली तेव्हा तिथल्या सगळ्याच बायका असे नमुने उचलायच्या. पुस्तकं मिळत नव्हती असं नाही, पण पुस्तकात बघून विणणं म्हणजे गाईड वाचून पास होण्यातला प्रकार. खरी विणकर ती, जी बसमधल्या अनोळखी बाईची पाठ घरी घेऊन येते. नवरे कारखान्यात, पोरं शाळेत आणि हिवाळ्याच्या दुपारी प्रत्येक अंगणात एकेक खुर्ची आणि लोकरीचा गुंडा. सातारची मनोरमा महिन्याभरात सुयांना सलाया आणि टाक्यांना फंदे म्हणायला शिकली. भाजीवाल्याशी हिंदी बोलायला मात्र तिला तीन वर्षं लागली.

ते पान तिला दुधाच्या रांगेत सापडलं. पुढच्या बाईच्या पाठीवर जाळीचं एक पान होतं, सरळ देठाचं, फारच देखणं. पण अर्धं मोजून होतंय तोच त्या बाईचा नंबर लागला आणि ती चालती झाली. उरलेलं अर्धं मनोरमानं स्वतः रचलं. दुसऱ्या दिवशी अंगणात बसून नमुना विणत असताना समोरच्या क्वार्टरमधली उषा सरवटे आली आणि दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून, ते पुढे येईलच. तोंड चालू होतं तसे हातही चालू होते. सातव्या ओळीत दोन टाके एकत्र घ्यायचे असतात, ते उजवीकडून घ्यायचे. तिनं डावीकडून घेतले. देठ डावीकडे झुकला.

उषा म्हणजे उज्जैनचं पाणी. बोलणं बंद तर बंद. पण बोलणं बंद म्हणून डोळे बंद ठेवायला ती काही साध्वी नव्हती. मनोरमानं तो नमुना धुऊन दोरीवर वाळत टाकला, तर उषानं आपल्या दारातून तो टाक्याटाक्यानं उतरवून घेतला. विचारायची सोय नव्हती, त्यामुळे चूकसुद्धा इमानानं उतरवली. दोघींचा समेट होईपर्यंत उषाच्या नवऱ्याच्या छातीवर ती झुकलेली पानं आली होती आणि पुढच्या थंडीत क्वार्टरांची आख्खी ओळ ती घालून फिरत होती. मनोरमा प्रत्येकीला थांबवून सांगायची, "अहो, ती चूक आहे." बायका म्हणायच्या, "असू द्या हो, गोड दिसतंय." तिनं स्वतःचं पान दुरुस्त करून घेतलं. मग पिपलानीत एकट्या तिचीच पानं सरळ राहिली, आणि मनोरमाताईंना ते पान काही नीट जमत नाही, असं लोक हळहळून म्हणायला लागले.

ह्या गोष्टीला आता तीन तपं होऊन गेली. नरहर उकिडवे कारखान्यातून निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, नेहरू नगरात घर झालं. त्या घरात आज बाह्या नसलेले स्वेटर आहेत, एक बाही असलेले आहेत, गॅसच्या सिलिंडरला लोकरीचं झबलं आहे, रिमोटला मोजा आहे. नरहर दुपारी खुर्चीत झोपताना हात पोटावर घट्ट धरून झोपतात. आपल्यालाही कशात तरी घालतील, अशी त्यांना भीती असावी.

आणि दर मंगळवारी मनोरमा पिशवी उचलून, बस बदलत, शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. पिपलानीच्या बागेत विणणाऱ्या बायका जमतात. पुण्याहून लेक अबोली फोनवर म्हणते, "आई, तुमच्या नेहरू नगरात कोणी विणत नाही का?"

"विणतात. पण गप्पा येत नाहीत त्यांना."

हा मंगळवारचा गट क्षितिजानं काढला. क्षितिजा पिपलानीतच वाढलेली, तिशीतली, चांगली नोकरी सोडून लोकर रंगवते. डाळिंबाच्या सालीत रंगवलेली एक लड ती ज्या भावाला विकते त्यात पूर्वी घरभर स्वेटर व्हायचे, पण बायका घेतात आणि नवऱ्याला अर्धाच भाव सांगतात. गटात सगळे नमुने आहेत. एकीचा तोच मोजा तिसऱ्या हिवाळ्यात आलाय. एक फक्त खायला येते आणि सगळ्यांना रंगसंगती सुचवते. उषाही येते. तिला आता दिसतं कमी, पण दुसरीचा सुटलेला टाका तिला लांबून दिसतो.

ह्या थंडीत क्षितिजानं जाहीर केलं की कम्युनिटी हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं, आणि मधोमध सगळ्यांच्या हातच्या चौकोनांचा मिळून एक मोठा पडदा टांगायचा. प्रत्येक चौकोनात एकच नमुना, आपलं "पिपलानी पान".

"हे आपलं हेरिटेज आहे," क्षितिजा म्हणाली. "बघा, देठ कसा लेफ्टला झुकतो. जुन्या बायकांनी तलावावरच्या हवेचा तो झोत पकडलाय. किती सटल आहे ना!"

मनोरमानं उषाकडे पाहिलं. उषा आकाशाकडे बघत होती.

आता प्रदर्शनाचं मनोरमाला काही एवढं पडलेलं नव्हतं. फक्त ते ठरल्या दिवशीच संध्याकाळी तिनं अबोलीला कळवलं. मग साताऱ्याच्या बहिणीला, मग शेजारच्या वसुधाला, दूधवाल्याला आणि दातांच्या डॉक्टरला, त्याचे दोन्ही हात हिच्या तोंडात असताना. अबोलीनं तिकीट काढलं. "तुझा चौकोन मध्ये लागणार ना गं आई?" "मग काय कोपऱ्यात लागणार?" असं ती बोलून बसली.

पुढच्या मंगळवारी सगळ्यांनी चौकोन आणले. क्षितिजानं एकेक उन्हात धरून पाहिला. मनोरमाच्या चौकोनापाशी ती थांबली, आणि शाळेतल्या बाई मठ्ठ पण मायाळू मुलाशी बोलतात तसा आवाज काढला.

"मनोरमा आंटी, काम एकदम क्लीन आहे. बस, तुमचं पान चुकलंय."

"काय?"

"देठ सरळ गेलाय ना. झुकायला पाहिजे. तुम्ही आता ह्या एरियात राहत नाही, विसरायला होतं. उषा आंटींना विचारा, त्या शिकवतील."

"अगं बये, हे पान माझं आहे! मी केलंय ते! तो झुकलेला देठ म्हणजे माझी चूक आहे!"

मग क्षितिजानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हो ना आंटी. आपल्या सगळ्यांचंच आहे ते. शनिवारपर्यंत नवा चौकोन द्या, नाहीतर पडद्यात गॅप राहील. मग मला दुसरीकडून घ्यावा लागेल."

परतीच्या बसमध्ये मनोरमानं एकही पाठ वाचली नाही.

घरी येऊन तिनं टाके घातले. चूकच करायची ना, त्यात काय मोठंसं? पण सातवी ओळ आली की हात आपसूक उजवीकडून जात. उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा सरळ. स्वयंपाक उरकून बसली, सरळ. सकाळी चहाआधी बसली, त्यातही सरळ. इतकी वर्षं जे वळण हाताला लावलं ते आता हात सोडेना.

"मला सांग," नरहर उत्साहानं खुर्ची ओढून बसले. निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही विचारलेलं नव्हतं. "ड्रॉइंगमध्ये चूक असली तर ती चूक तशीच्या तशी बनवायची, हे मी पस्तीस वर्षं केलंय. मी 'डावी' म्हणेन, तू घे."

"म्हणा."

"डावी."

"अहो, अजून पाचवी ओळ आहे."

"बरं. डावी?"

"तुमच्या तोंडाला लोकर लावीन मी!"

शेवटी एका पानाचा देठ तिनं मान पिरगाळून डावीकडे वळवला. तो झुकला, पण सासरी आलेल्या नव्या सुनेसारखा, सगळे बघताहेत म्हणून. बाकीची पानं ताठच राहिली. शुक्रवारी सकाळी पिशवी घेऊन ती उषाच्या घरी पोचली. उषा अजून पिपलानीतच राहते, मुलाला कारखान्यात नोकरी लागून क्वार्टर मिळालं म्हणून.

उषानं चौकोन डोळ्याशी नेला. "हे काय करून ठेवलंस? लकवा मारल्यासारखं दिसून राहिलंय."

"मुद्दाम चूक करता येत नाही मला."

"ते तर मी पहिल्यापासून पाहून राहिली. तुझ्याकडून मुद्दाम काही होतच नाही. बस. टाके घाल. मी चहा ठेवते."

मनोरमानं टाके घातले. उषा चहा घेऊन आली, समोर बसली आणि इकडतिकडच्या गप्पा झाल्या. हिची पाचवी ओळ झाली, सहावी झाली, तशी उषानं कप खाली ठेवला.

"मनोरमे, एक गोष्ट सांगू का? आपलं बोलणं बंद झालं त्या संक्रांतीला तू सगळ्यांच्या देखत म्हणाली होतीस ना, की माझ्या गुळपोळीतला गूळ बाहेर आला."

"आला होताच. त्याचं आता काय?"

"आला होता. पण तुझ्या पोळ्या आमच्या ह्यांनी घरी आणून पोरांना दिल्या, तर पोरं अंगणात त्या घेऊन लंगडी खेळली."

"काय म्हणालीस?"

"चौकटीत टाकायची ठीकरी म्हणून वापरली की! एकही तुटली नाही."

पुढचा अर्धा तास क्वार्टरच्या त्या खोलीत जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. गुळापासून सुरू होऊन ते बेसनावर गेलं, बेसनावरून एका न परतलेल्या पातेल्यावर, पातेल्यावरून नरहरांच्या बढतीच्या पेढ्यांवर, की ते म्हणे पाव किलोच आणले होते. उषाची सून पूजा दोनदा दारात येऊन परत गेली. मनोरमाचा आवाज चढला तसा सलायांचा वेग चढला. "उज्जैनची पोळी म्हणजे तव्यावर झालेला अपघात!" असं ती शेवटी म्हणाली, तेव्हा चौकोन संपत आला होता.

उषानं भांडण तिथेच सोडलं. मग बोट दाखवून म्हणाली, "बघ. झुकले."

खरंच झुकले होते. प्रत्येक देठ अलगद डावीकडे गेलेला, कोणी बघत नसल्यासारखा. आणि जिथे पातेल्याचा विषय निघाला होता तिथे रागाच्या भरात एक टाका जास्तच गिळला गेला होता, त्यामुळे शेजारची दोन पानं एकमेकींवर रेलली होती.

"हे उसव," उषा म्हणाली.

"नाही उसवत. तुझ्याशी पुन्हा भांडायचं त्राण नाही माझ्यात."

उषानं हे मैत्रीखातर केलं की एवढी वर्षं साठवून ठेवलं होतं, ह्याचा निकाल अजून लागलेला नाही. विचारलं तर ती म्हणते, दोन्ही.

रविवारी प्रदर्शनाला अबोली आली. चौकोन बरोबर मधोमध होता. शेजारी पाटी होती, "पिपलानी पान. पारंपरिक नमुना. मूळ कारागीर अज्ञात." अबोलीनं आईला त्या पाटीशेजारी उभं करून फोटो काढला. फोटोत मनोरमाच्या चेहऱ्यावर जे आहे त्याला लोक नम्रता म्हणतात.

दिवसभर बायका येत होत्या, पडदा उचलून मागून बघत होत्या, ओठ हलवत होत्या. आणि ज्या येत त्या त्याच दोन रेललेल्या पानांपाशी थांबत.

पुढच्या मंगळवारी मनोरमा बागेत पोचली तर निम्म्या सलायांवर दोन-दोन पानं एकमेकींवर रेललेली. क्षितिजा धावत आली.

"आंटी, हे जे डबल पान आहे, हे तर अजून जुनं असणार! ह्याचं काही नाव आहे का? तुमच्या आजी वगैरे काय म्हणायच्या?"

मनोरमानं तोंड उघडलं. 'ती चूक आहे' हे शब्द जिभेवर आलेच होते. मग तिला मागचा मंगळवार आठवला, खांद्यावरचा तो हात आठवला.

"गुळपोळी," ती म्हणाली.

"वॉव," क्षितिजा म्हणाली, आणि फोनमध्ये टिपून घेतलं.

थंडी सरेपर्यंत पिपलानीत गुळपोळीचे मफलर झाले, टोप्या झाल्या, कोणाच्या तरी नातवाचं दुपटं झालं. मनोरमा आता घरी एकटी असली की ते दुरुस्त करून, दोन पानं नीट वेगवेगळी विणते. पण बागेत वेगळीच तक्रार चालू आहे. उषा येईल जाईल तिला सांगते की गुळपोळी मूळ तिची.

"तुझी कशी गं?" मनोरमा सलाया आपटते. "टाके माझे, लोकर माझी, हात माझे!"

"आणि भांडण कोणी काढलं होतं?"

"तू."

"मग झालं तर," उषा म्हणते. "विणायला काय, ते कोणीही विणेल."