दारासमोरची भिंत

आमच्या गटात भिंतींचे वाटप स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या टाकून होते. पाच चित्रकार, पाच भिंती; गुरू कोण आणि शिष्य कोण, हे त्या वाटीला कळत नाही. तरीही कलादालनाच्या दारासमोरची भिंत आजवर दर प्रदर्शनात घाटालाच मिळत आली. ज्यांना ती लाभे, ते आपण होऊन घाटच रंगवीत: कोवळे ऊन, ओल्या पायऱ्या, पाण्यात थरथरणारे कळस. नाशिककर येतात ते आपला घाट पाहायला, असे आम्ही सारेच धरून चाललो होतो. मीही पुष्कळ घाट रंगवले आहेत.

यंदा ती चिठ्ठी माझी निघाली आणि मी सायखेड्याच्या पुलाखालची गोदावरी रंगवायला घेतली. तिथे जलपर्णी साचते तेव्हा नदी या काठापासून त्या काठापर्यंत हिरवी होऊन जाते. पाणी दिसत नाही. कुजक्या देठांचा उग्र वास येतो, आणि पुलावरची वाहने क्षणभर थांबली तर खालून एक दबलेली सळसळ ऐकू येते. ती सळसळ मला रंगात हवी होती. म्हणून तैलरंगाचे जाड थर मी सुरीने चढवले, एकावर एक, कुडाला चिखल लिंपावा तसे.

थंडीत तैलरंग रेंगाळत वाळतो, हे मला ठाऊक होते. पण मी बोट लावून पाहिले ते कडेला, जिथे थर पातळ होता. तिथे वाळले म्हणजे सगळीकडे वाळले, असे समजून मी चित्र फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. तेही घाईत, फुगे आतल्या बाजूला ठेवून.

उद्घाटनाच्या सकाळी दालनात ते प्लॅस्टिक सोडवताना चरचर आवाज झाला. वरची साय वाळली होती, आतला रंग मऊ होता. चित्राच्या खालच्या भागावर गोल ठशांच्या रांगाच रांगा उमटल्या होत्या.

शेजारच्या भिंतीवर आपली चित्रे लावणारी मैत्रीण जवळ आली, डोके तिरके करून पाहत राहिली. मग तिने मला समजावले, की जलपर्णीच्या देठांनाही असेच फुगे असतात, उलट चित्र अधिकच खरे वाटते आहे, राहू द्यावे. तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण जलपर्णीचा प्रत्येक फुगा आपापल्या कलाने कलतो, आणि हे ठसे कवायतीला उभे असल्यासारखे एका ओळीत होते. त्यांच्याखाली माझी नदी बोलत नव्हती.

ज्यांच्याकडे मी रंग कालवायला शिकले ते सरही आमच्या गटात आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ठसे पाहिले.

"तुझा तो घाट आहे ना घरी, फ्रेम केलेला? घेऊन ये जा. ओलं चित्र भिंतीवर लावतात का कुठे?"

"सर, चिठ्ठी माझी निघाली आहे."

मी चित्र खिडकीपाशी टेकवले, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरले आणि सुरीने खालचा भाग खरवडायला सुरुवात केली. आठवडे घेऊन चढवलेला रंग गोळ्यागोळ्यांनी कागदावर पडत होता. दालनात टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाचा वास भरला. कोणी खिळे ठोकत होते, कोणी समईच्या वाती वळत होते. मी पुन्हा थर देऊ लागले. आता हात सावकाश चालत होता, पण थांबत नव्हता. मध्येच मागून सरांचा आवाज आला.

"त्या हिरव्यात किंचित लाल घाल. नाहीतर प्लॅस्टिकच दिसेल ते."

मी लाल घातला. हिरवा खोल गेला, त्याच्या तळाशी पाणी असल्यासारखा.

पाहुणे येण्याआधी चित्र त्याच्या भिंतीवर चढले, ओलेचिंब. दीप लागला, फुले दिली गेली. मग प्रमुख पाहुणे समोरच्या भिंतीकडे वळले आणि त्यांनी विचारले, की यंदा घाट कुठे आहे? उत्तराची वाट न पाहता त्यांचा हात त्या हिरव्याकडे गेला. सरांनी तो मनगटाशी हलकेच अडवला.

"ओलं आहे," ते म्हणाले. "आपल्याच नदीचं आहे. जरा लांबून बघा."

पाहुणे दोन पावले मागे सरले आणि बराच वेळ पाहत राहिले. सरांनी एक खुर्ची ओढून चित्राशेजारी मांडली आणि पहिली संध्याकाळ ते तिथेच बसून राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याला दटावत. निरोप घेताना माझे लक्ष त्यांच्या पांढऱ्या बाहीकडे गेले. कडेला हिरवा फराटा होता. त्यांनीही हात लावून पाहिले होते तर.

दुसऱ्या दिवशी दालन उघडताच मी चित्रातली ती जागा शोधली. उजव्या कोपऱ्यात, बोटभर. पर्समधून सुरी काढली आणि तिथला रंग नीट करून घेतला.