हळकुंड आणि हापसा

नागप्पाचं लग्न जमवणं हा चाकूरजवळच्या त्या गावाचा शेतीखालोखालचा उद्योग होता. किराणा दुकान बरं चाललेलं, घर स्वतःचं, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, आणि पस्तिशी उलटली तरी डोक्याला बाशिंग नाही. उदगीर, निलंगा, भालकी, सगळीकडून मुली सांगून आल्या. एकीचं नाक नागप्पाला लांब वाटलं, एकीचं गाव. शेवटी त्याची आई शरणम्मा, जिला सारं गाव अव्वा म्हणायचं, तिनं त्याला विचारणंच सोडून दिलं आणि परस्पर मुली बघायला सुरुवात केली.

खरी गोष्ट एवढीच होती, की नागप्पाचा जीव शेषेरावावर जडला होता.

शेषेराव म्हणजे हापसे दुरुस्त करणारा मिस्त्री. देगलूरकडचा, त्यामुळं चिडला की तेलुगूत चिडायचा आणि समोरच्याला राग येण्याची सोय उरत नसे. गावचा हापसा नीट करायला आला, पाने-पकडी ठेवायला जागा हवी म्हणून नागप्पाच्या दुकानामागची खोली घेतली. हापसा नीट झाला तरी पाने तिथंच राहिले, आणि पान्यांच्या राखणीला मिस्त्री राहिला. गावाला त्यात काही वावगं दिसलं नाही. दोन सडे पुरुष एका ताटात जेवले तर गाव त्याला दोस्ती म्हणतं आणि आपल्या कामाला लागतं.

पण शेषेरावानं नागप्पाला एकदा स्पष्ट सांगून टाकलं होतं. "तुझ्या लग्नात पंगत वाढीन, अन् दुसऱ्या दिवशी देगलूरची गाडी धरीन. रुसून न्हाई. माझ्यानं बघवणार न्हाई, म्हणून." त्या दिवशी नागप्पाला जेवण गेलं नाही.

अशात लातूर जिल्हा झाला. गावानं पेढे वाटले. पुढच्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. पारावरच्या मंडळींनी दोष नव्या जिल्ह्यावर ठेवला. इतकी वर्षं पाऊस उस्मानाबादच्या नावानं यायचा, आता त्याला गावच सापडत नसणार. शेषेरावाचं म्हणणं निराळं होतं. पाऊस येईल तेव्हा येईल, बोअरमधलं पाणी खाली गेलंय, नव्या कचेरीतून जास्तीचे पाईप मिळाले तर हापसा चालेल. तो लातूरला खेटे घालू लागला. कचेरीत टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. साहेब उभ्यानंच "उद्या या" म्हणायचे.

ज्यांचा पाइपांवर भरवसा नव्हता त्यांना अव्वाच्या नणंदेनं, पार्वतम्मानं, वाट दाखवली. ती बीदरकडं दिलेली. "आमच्याकडं पाऊस न्हाई आला की दोन पोरांचं लगीन लावतेत. दोघंबी पोरगेच, एक नवरा, एक नवरी. देवाला हसू आलं की तो पाणी देतो."

कल्पना सगळ्यांना पसंत पडली, पण पोरगं द्यायला कुणी तयार होईना. पोराचं पहिलं लग्न असं खर्ची पडलं, तर पुढं बिजवराला मुलगी कोण देणार? आया पोरांना आत ओढून कड्या लावू लागल्या. मग ज्यांचं नुकसान व्हायचं काही उरलेलं नाही असे सडे गावात कोण, याचा विचार झाला, आणि सगळ्यांच्या माना दुकानाकडं वळल्या.

"खोटं खोटं तर हाय," पार्वतम्मा म्हणाली. "अक्षता टाकायच्या, हळकुंडाचा दोरा नवरीच्या गळ्यात न्हाई, लिंबाला बांधायचा, अन् घरी जायचं."

नवरी कुणाला करायचं यावर वाद झाला. नागप्पा अंगानं बारीक, मिशी नाही, त्याला लुगडं शोभलं असतं. पण आपलं पोरगं नवरी करून दुसऱ्याच्या पदरात घालायचं, तेही देगलूरच्या, हे गावाच्या अब्रूला मानवेना. बाहेरून येते ती नवरी, असा निकाल लागला. शेषेरावानं मिशी काढायला साफ नकार दिला, तेव्हा मिशीसकट नवरी कबूल झाली.

नेमके लग्नाच्याच दिवशी कचेरीनं पाईप दिले. दुपारी शेषेरावानं ते बोअरमध्ये उतरवले. दांडा बसवायचा तेवढा राहिला, आणि बायकांनी त्याला हळद लावायला ओढून नेलं. अव्वानं आपलं जुनं इरकली लुगडं दिलं. सुनेसाठी घेतलेलं नवं कोरं तिनं पेटीतच ठेवलं. जुनं लुगडं शेषेरावाच्या पोटऱ्यांपर्यंत कसंबसं पोचलं, खाली ग्रीस माखलेले पाय.

लग्न लावायला मठातले सिद्धलिंग स्वामी आले. डोळ्यांना अंधुक दिसायचं, पण मंत्र तोंडपाठ. अक्षता पडल्या की थांबा, असं त्यांना बजावलं होतं. पण स्वामींनी जन्मात अर्धं लग्न लावलेलं नव्हतं. एकदा सुरू झाले की शेवट गाठल्याशिवाय त्यांना थांबता येत नसे. कळस मांडून झाले, हातात हात दिले, अक्षता पडल्या, आणि स्वामींनी दोरा नागप्पाच्या हातात ठेवून म्हटलं, "बांध."

नागप्पा लिंबाकडं बघू लागला.

"तिकडं काय बघतो?" स्वामी खेकसले. "नवरी इकडं हाय."

मांडव पोट धरून हसत होता. नागप्पानं शेषेरावाच्या गळ्यात हळकुंड बांधलं. गाठ बसली आणि मिशीखालचं तोंड हसायचं विसरून गेलं. नागप्पानं मान वर केली, तर अव्वा एकटीच हसत नव्हती.

पाऊस आला नाही. पण सकाळी शेषेरावानं दांडा बसवून हापसला, आणि पाण्याची धार लागली. घागर घेऊन आलेली भामाबाई घागर तिथंच टाकून गावभर ओरडत गेली, की लग्न पावलं.

"मावशे, पाईप टाकलेत पाईप," शेषेराव मागून सांगत होता. कोण ऐकतं? पाईप काय, कुठल्याही गावात टाकतात.

इथून गावाला काळजी लागली. हे लग्न मोडलं तर पाणी जाईल. अव्वा म्हणायची, ते खोटं होतं. स्वामींना विचारलं, तर ते उसळले. "मी खोटं लगीन लावत नसतो. अन् मोडायचं मला कुणी शिकवलं न्हाई."

अव्वा हटली नाही. उदगीरचे पाहुणे बोलावले. ते येऊन टेकतात तोच हापसा बंद पडला. पाहुण्यांनी प्यायला पाणी मागितलं, घरात थेंब नाही. अंगणात बायका रिकाम्या घागरी घेऊन जमल्या आणि भामाबाईनं कारण सांगून टाकलं. "पहिली बायको जिती असताना दुसरी बघायलेत, मग दुसरं काय व्हईल?"

मुलीच्या बापानं ती पहिली बायको बघायला मागितली. त्याला हापशापाशी नेलं. बायको पान्यानं नट आवळत होती आणि तेलुगूत चिडली होती. पाहुणे लगेच माघारी फिरले. त्यांची पाठ वळली आणि पाणी आलं. पुढं निलंग्याच्या पाहुण्यांच्या वेळीही तसंच झालं.

त्यानंतर एकदा काडेपेटी शोधताना नागप्पाला शेषेरावाच्या सदऱ्याच्या खिशात चामड्याचा वायसर सापडला.

"हे हापशातलं हाय का?"

"हाव."

"गावाला तहानेनं मारायलास व्हय रे?"

"दुपारपुरतं," शेषेराव म्हणाला. "तुला तोंडानं न्हाई म्हणता येत न्हाई, म्हणून हापशाला म्हणाय लावतो."

नागप्पाला राग आला. मग लाज वाटली, कारण बोलणं खरं होतं. आपल्यासाठी एक लोखंडाचा खांब भांडतोय आणि आपण दुकानात साखर तोलतोय.

थोड्याच दिवसांनी अव्वा भालकीला निघाली, मुलगी बघायला. पिशवी भरली, चपला घातल्या. नागप्पा उंबऱ्यात आडवा आला.

"अव्वा, जाऊ नको. मला दुसरं लगीन करायचं न्हाई. माझं झालंय."

अव्वानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "हापशाचा वायसर त्याच्या खिशात असतो. ठाऊक हाय का तुला?"

"तुला कसं कळलं?"

"सदरे धुतंय कोण?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तू कवा तोंड उघडतोस ते बघत व्हते," अव्वा म्हणाली. तिनं चपला काढल्या, आत गेली, पेटी उघडली आणि सुनेचं नवं कोरं इरकली लुगडं बाहेर काढून कात्रीनं टर्रकन कापलं. अव्वाचा राग कापडावर निघाला, असं नागप्पाला वाटलं. पण ती तुकडे जमिनीवर पसरून, खाली जुनं लुगडं घालून, वाकळ शिवायला बसली होती.

शेषेराव हापसा बंद पाडून आला आणि दारातच थबकला. वाकळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरली होती.

"एवढी रुंद कशाला, अव्वा?"

"दोघांला पुरली पायजे," अव्वा सुईत दोरा ओवत म्हणाली. "अन् तो वायसर जाग्यावर बसव आधी. भामा घागर घेऊन उभी हाय."