नदीकडे पडलेली भिंत

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली. पण पोलिसातलं ते एक प्रकरण अजून डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून या वहीत उतरवते. नावं कुणाचीच लिहीत नाही.

माझे यजमान फोर्ट विल्यमला फौजेत होते. ते गेल्यावर कलकत्त्यात बायकांची पोलीसभरती निघाली, त्यात मी लागले. नदीकाठच्या बजबज गावच्या ठाण्यात बाई शिपाई नव्हती म्हणून मला तिकडे दिलं. काम एवढंच, की बायकांची झडती घ्यायची आणि त्यांचा जबाब चालू असताना शेजारी बसायचं. मी तोंड उघडत नसे. ठाण्याचे मुख्य अधिकारी, त्यांना सगळे बडोबाबू म्हणत, ते मला थट्टेने 'आमची मुकी दीदी' म्हणायचे.

दुर्गापूजा नुकतीच झाली होती. समुद्रात वादळ धरतंय अशी तार आली. दोन दिवसांत ते गोल फिरत उत्तरेला निघालं आणि तेलाची जहाजं लागतात त्या धक्क्यावर धोक्याचा बावटा चढला. तागाच्या गिरणीतल्या बायकांची घरं बांबू-मातीची. त्यांनी वर्षाची शिल्लक नदीकाठच्या किराणा दुकानदाराच्या लोखंडी पेटीत ठेवली, कारण त्याचा चौथरा उंच. त्यांच्यात एक ओडिया बाई होती. तागाच्या धुळीने तिची छाती भरली होती. साठवलेल्या पैशातून शिवणयंत्र विकत घेऊन गिरणी सोडायची, एवढाच तिचा मार्ग उरला होता.

सकाळी वारा पूर्वेकडून सुटला. झाडं, पत्रे, सगळं नदीच्या दिशेने लोळलं. भर दुपारी एकाएकी सारं थांबलं, ऊनसुद्धा पडलं. वादळ गेलं असं समजून बायका पेटी बघायला दुकानात धावल्या. मी देवगडच्या किनाऱ्यावर वाढलेली. वादळाच्या पोटात अशी शांतता असते आणि मग वारा उलटा येतो, हे वडिलांनी दाखवलं होतं. मी दुकानापाशी जाऊन जिवाच्या आकांताने ओरडले, "घरात नाही, गिरणीच्या पक्क्या गोदामात चला! आता नदीकडून येईल!"

"अगं बाई, मुकी बोलली!" एकजण हसली. पण सगळ्या आल्या. थोड्याच वेळात पश्चिमेचा वारा आला तो सकाळच्या दुप्पट. त्यांच्या वस्तीतलं एकही घर उभं राहिलं नाही. माणूस मात्र एकही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वादळ जमिनीवर विरून नुसता पाऊस उरला. दुकानदार ठाण्यात आला. "हुजूर, दुपारनंतरच्या वाऱ्यात नदीकडची भिंत कोसळली. पेटी नदीत गेली."

बडोबाबूंनी नोंद घेतली. वादळापुढे कोण काय करणार? बाहेर ओडिया बाई माझ्या कानाशी लागली. "दीदी, ज्याचं बुडतं तो आधी पाण्यात शोधतो. हा आज पहाटेच पत्र्यांच्या व्यापाऱ्याकडे गेला होता."

मी तिला आत नेलं, तिने जबाब दिला. बडोबाबूंनी दुकानदाराला पुन्हा बसवलं. तासभर तो तेच तेच सांगत राहिला. सकाळी भिंत पडली असं त्याला म्हणता येईना, कारण दुपारी बायकांनी भिंत आणि पेटी दोन्ही पाहिल्या होत्या. शेवटी मीच विचारलं, "भिंत कुठल्या अंगाला पडली?"

"बाहेर. नदीकडे."

"आणि वारा कुठून होता?"

बडोबाबूंनी टाक खाली ठेवला. "दीदी विचारतेय, सांग ना. नदीकडून आलेल्या वाऱ्याने भिंत नदीकडे ओढली काय रे?"

आम्ही पंचांना घेऊन जागेवर गेलो. दुपारनंतर आजूबाजूला पडलेलं सगळं गावाच्या बाजूला, ही एकच भिंत नदीकडे. त्या कुडाच्या भिंतीचे बांबू मोडलेले नव्हते, कोयत्याने तोडलेले होते. पेटी दुकानातल्या कोळशाच्या ढिगाखाली निघाली. तीत निम्मेच पैसे होते. बाकीचे त्याने त्या व्यापाऱ्याला दिले होते, पत्रे आपल्यासाठी अडवून ठेवायला. ज्यांची छपरं उडाली त्यांनाच ते चढ्या भावाने विकायचे होते. बायकांच्या पैशाने बायकांनाच!

बडोबाबूंनी सगळ्यांसमोर मला खुर्ची दिली. त्या दिवसापासून बायकांना प्रश्न मीच विचारू लागले. मी एक शिकले, की माणसाला खोदून विचारण्याआधी घटनेच्या जागी जाऊन उभं राहावं. आणि गप्प माणसाने बघितलेलं असतं पुष्कळ, ते त्याने वेळेवर बोलावं.

कोर्टाच्या हुकमाने पत्रे खरेदीपेक्षाही कमी भावात विकले गेले आणि ते पैसे बायकांना मिळाले. जी तूट उरली ती दुकानदार दर महिन्याला ठाण्यात येऊन भरू लागला. शेवटचा हप्ता ओडिया बाईचा होता. तिने नोटा दोनदा मोजल्या आणि पावतीवर अंगठा उठवला.

"आता तरी सामान माझ्याकडून नेशील ना?" त्याने विचारलं.

"नेईन की. रोख देईन," ती म्हणाली. "ठेवायला मात्र दमडी देणार नाही."

अख्खं ठाणं हसलं. सगळ्यांचे सगळे पैसे फिटले होते.