लोथारसाहेबाच्या एका फ्रेममागे : सापगाव, मुरबाड, टोकावडे

सुट्टी मंजूर झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी ओमानमध्ये, सलालाहला एका इमारतीत खिडकीच्या चौकटीला सिलिकॉन मारत होतो. हातातली गन तशीच ठेवली आणि तिकीट बघायला लागलो. सुपरवायझर ओरडला, मी ऐकलं नाही. माझं हे असंच आहे. इथे असलो की तिकडे जायचं असतं, तिकडे गेलो की दोन दिवसांत पाय वळवळायला लागतात. आई म्हणायची, याच्या तळपायाला कोणीतरी खाजकुयली लावलेय.

यावेळी मात्र काम होतं. आईचं वर्षश्राद्ध होतं. ती गेली तेव्हा मला सुटता आलं नाही, सगळं व्हिडिओ कॉलवर बघितलं, तेही अडकत अडकत. आणि घरात भिंतीवर तिचा जो फोटो लावलाय तो मतदान कार्डावरून मोठा केलेला. डोळे अर्धे मिटलेले, तोंड असं की कोणीतरी रेशन नाकारलंय. तो फोटो बघितला की मला आई आठवतच नाही. उलट असलेली आठवण पुसली जाते. मला तिचा खरा फोटो पाहिजे होता. वर्षश्राद्धाच्या आधी.

मालशेजला जाणारे खूप जण माझा ब्लॉग वाचतात म्हणून रस्ता आधी सांगतो. शहापूरसाठी स्टेशन आसनगाव. तिथून शेअर रिक्षा शहापूरला सोडते. एसटी स्टँडच्या समोर मिसळ मिळते, रस्सा मागाल तेवढा देतात, पण पाव आधी मागून ठेवा, संपतो. शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की भातसा नदीकाठी आमचं सापगाव. मी मार्चमध्ये गेलो. या दिवसांत हिरवं काही शोधू नका. शेतं भाजायला काढलेली असतात. पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून लोक राब भाजतात, पुढे त्याच जागेत भाताची रोपं टाकायची असतात. सगळीकडे निळसर धूर. मला तो धूर आवडतो. कपड्यांना लागतो आणि ओमानपर्यंत येतो.

घरी पोचलो. बाबांनी पाणी दिलं. मी बॅग न उघडताच विचारलं, "आईचा दुसरा फोटो नायच का कुठे? लग्नातला?"

"लग्नातले पुरात गेले," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "एक हाय. लगीन व्हायच्या आधीचा. तो जर्मनवाला यायचा ना टोकावड्याला, त्यानं काढलेला. मोठा, काचेचा. पण तो तिच्या माहेरीच रायला."

"मग आणला का नाय?"

"ती बोलायची, असू दे तिथंच. मी काय विचारलं नाय."

जेवण झालं न झालं तोच मी निघालो. बाबा म्हणाले, "आज आलास, उद्या जा." पण मला घरात बसवत नव्हतं. भिंतीवरून ती अर्धे डोळे मिटून बघत होती.

मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे सगळं जग स्टँडवर असतं. एसटी, जीप, कल्याणला जाणारे कॉलेजवाले, पाटीतली कच्ची करवंदं. टोकावड्याला एसटी जाते, पण टायमिंग विचाराल तर प्रत्येक जण वेगळं सांगेल. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. मागे बसलात तर गुडघे कानाला लागतात, म्हणून पुढची सीट धरा. मी पुढची धरली आणि तिथेच नशीब उघडलं.

ड्रायव्हर पिकल्या मिशांचा. माझ्याकडे दोनदा बघून म्हणाला, "तू हिरीचा पोरगा काय रे? सापगावच्या?"

हिरा माझी आई. मी हो म्हटलं.

"मंग मी तुझा मामा लागतो. बबनमामा. कुठं चाल्लास?"

मी फोटोचं सांगितलं. त्याने गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि हसला. "लोथारसाहेबाचा फोटो! अरे, साहेबाला गाडीतून फिरवणारा मीच. तो यायचा तवा सगळा हिवाळा माजी जीप त्याचीच."

मुरबाड ते टोकावडे हा कल्याण-नगर रस्ता. रविवारी मालशेजवाल्यांच्या गाड्या अंगावर येतात, बाकी दिवशी बरा. सरळगाव गेलं की डोंगर दिसायला लागतात. पण मी त्या दिवशी बाहेर काही बघितलं नाही, बबनमामाकडेच बघत होतो.

त्याने सांगितलं ते असं. लोथार जर्मनीतल्या कोळशाच्या खाणींच्या गावचा. बाप खाणीत, आजा खाणीत. हा एका कारखान्यात फोटो काढायला लागला. कसले, तर नट-बोल्ट, पंप, व्हॉल्व्ह यांचे. कॅटलॉगसाठी. बापाला वाटायचं, हे काय काम झालं? हात काळे होत नाहीत. त्याच कारखान्याने त्याला कल्याणकडे पाठवलं, इथे बसवलेल्या मशीनचे फोटो काढायला. एका सुट्टीला तो मालशेज बघायला एसटीत बसला. एसटी टोकावड्याला पंक्चर झाली. चहा प्यायला उतरला तो उतरलाच.

"घाट बघितलाच नाय त्यानं?" मी विचारलं.

"लय वर्षांनी बघितला. बोल्ला, बरा हाय."

मागून एक बाई म्हणाली, "तो काळ्या फडक्यात डोकं घालायचा तो ना? आमी पोरी घाबरून पळायचो."

"तोच. तीन पायाचा कॅमेरा. नट-बोल्टांचाच. माणसाला पण तसाच हलू द्यायचा नाय."

पहिल्या हिवाळ्यात त्याने गावातल्या पुष्कळ लोकांचे एकेकट्याचे फोटो काढले. दुसऱ्या हिवाळ्यात आला तो मोठ्ठे फोटो करून, फ्रेम बसवून, स्वेटरांत गुंडाळून. घरोघर वाटले. लोकांनी दोन्ही हातांनी घेतले, चहा दिला, पाया पडले. आठवड्याने हा बघायला गेला तर एकाही भिंतीवर फोटो नाही. दुसऱ्या घरात नाही, तिसऱ्या घरात नाही. त्याला वाटलं, लोकांना आवडले नाहीत.

आमच्याकडचा माणूस हे वाचून आधीच हसला असेल. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे जिवंत माणसाचा एकट्याचा मोठा फोटो भिंतीवर लावत नाहीत. भिंत ही गेलेल्यांची. भिंतीवर गेला तो माणूस वर गेला. आणि हा बाबा अख्ख्या गावाला जिवंतपणी काचेत घालून आला होता!

"आमी सगळ्यांनी फडक्यात बांधून माळ्यावर टाकलेले," बबनमामा म्हणाला. "आता हे त्याला सांगायचं कसं? मला इंग्रजी येत नाय, त्याला तवा मराठी येत नवती, ती तो मागाहून शिकला. शेवटी त्याला माज्या घरात नेला. माज्या आज्याचा फोटो दावला, हार घातलेला. मंग आज्याकडं बोट केलं, वर आभाळाकडं बोट केलं. साहेब मटकन ओट्यावर बसला. तोंड झाकून घेतलं. मला वाटलं रडतो. तर हसत होता. मंग रडला पण."

त्या वर्षी एक म्हातारा गेला. पुढच्या हिवाळ्यात लोथार आला तेव्हा त्यानेच काढलेला म्हाताऱ्याचा फोटो भिंतीवर, कुंकू, झेंडूचा हार. लोथार त्याच्यासमोर खूप वेळ उभा राहिला. त्यानंतर त्याचं काम बदललं. पूर्वी एका दुपारी पाच-सहा जणांना उरकायचा. आता एका माणसापाशी दोन-दोन दिवस जाऊन बसायचा. राब भाजताना, बैल धुताना, काही न करताना. कॅमेरा जीपमध्येच. कारण त्याला कळलं होतं की हा फोटो लोक कधी बघणार आहेत. मग लोकच त्याला बोलवायला लागले. साहेब, आमच्या म्हाताऱ्याचा काढ, आता दम नाय त्याच्यात.

तिकडे त्याच्या गावी या चेहऱ्यांचं एक प्रदर्शन भरलं. कोणीतरी लिहिलं की फारच शांत फोटो आहेत, काही घडतच नाही. मोठ्या मासिकवाल्यांनी विचारलं, लढाईचे फोटो काढायला जाशील का, तिथे घडतं. हा म्हणाला, मला टोकावड्याला जायचंय. उन्हाळाभर पंप आणि व्हॉल्व्ह, हिवाळ्यात आमची माणसं. बायकोने काही वर्षं सहन केलं, मग ती गेली. मुलगी राहिली. पुढे हात थरथरायला लागले, तेव्हा यायचा बंद झाला. मागच्या वर्षी मुलीचा फोन आला की गेला.

"त्याचा फोटो?" मी विचारलं.

बबनमामाने समोरच्या रस्त्याकडे बघत मान हलवली. "त्याचा कोणीच नाय काढला रे. आमाला कुठं येतो?"

घर सोडून कुठेतरी भलतीकडे रमणारा माणूस मला नवीन नाही, पण त्याला निदान कुठे जायचंय ते माहीत होतं.

टोकावड्याला ढाबे पुष्कळ. गावठी कोंबडी आणि तांदळाची भाकरी खायची तर आधी सांगून पुढे फिरून या, घाई केलीत तर रस्सा कच्चा लागतो. मी जेवलो नाही. सरळ सखूमावशीकडे गेलो. ती आईची धाकटी बहीण, गावातच दिलेली; माहेरचं जुनं सामान आता तिच्याच माळ्यावर.

मावशी अंगणात वाल सोलत होती. "आलास! अंगावर मांस नाय, तिकडं वाळू खातोस काय रे?"

मी फोटोचं विचारलं. तिने हात थांबवले, मग उठून शिडी लावली आणि स्वतः माळ्यावर चढली. मी चढतो म्हटलं तर म्हणाली, "तुला सापडायचा नाय." जुन्या लुगड्यात बांधलेली फ्रेम खाली आणली, काच पदराने पुसली.

आई. लग्नाच्या आधीची. इतकी हसतेय की दात दिसतायत. पूर्ण उघडे डोळे. मी ओळखलं, म्हणजे आतून ओळखलं. पण ती एकटी नव्हती. तिला चिकटून एक बारकी पोरगी, आईचा खांदा दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, चेहऱ्यावर भीती.

"ही कोण?"

"कोण म्हणजे? मी! मी एकटी बसायला तयारच नवते. एकटीचा काढला की माणूस वर जातो, असं डोक्यात. मंग हिरीला धरून बसले. म्हणून ती हसते. साहेब बोल्ला, सोड तिला. मी सोडलंच नाय."

मग आम्हा दोघांनाही एकदमच समजलं. फोटो भिंतीवर लावता येणार नव्हता. अर्धा फोटो जिवंत होता.

शेजारची काकू कुंपणापलीकडून ऐकत होतीच. "हार एका बाजूला घाला ना गो!"

"तुज्या गळ्यात घालते," मावशी म्हणाली. मला म्हणाली, "म्हणून तर हिरी बोलायची, असू दे इथंच. आता ती गेली. तू कर काय ते. काप मला, नायतर थांब मी जाईपर्यंत."

"मावशी!"

"अरे कागद तर हाय. काप."

दुसऱ्या दिवशी फ्रेम घेऊन मुरबाडच्या एका फोटो स्टुडिओत गेलो. मालक चांगला माणूस. त्याने फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि मावशीला पुसलं. मावशी गेली, पण तिची बोटं आईच्या खांद्यावर राहिली. नुसतीच बोटं.

"थांबा, साडी ओढून देतो," तो म्हणाला. बोटंही गेली. खांदा गुळगुळीत झाला. मागे त्याने निळं आकाश टाकलं. आणि आई एकटीच आकाशात हसत बसली, कशाला हसतेय तेच कळेना. मतदान कार्डावरची निदान कोणावर तरी चिडलेली होती.

"प्रिंट काढू?"

मी स्टुलावरून उठलो, बाहेर गेलो, पुन्हा आत आलो. "नको. आधीचंच राहू दे."

"साहेब, फुकट टाइम गेला ना माझा." खरं होतं. मी त्याचे पैसे दिले आणि फ्रेम पोटाशी धरून शहापूरच्या गाडीत बसलो.

वर्षश्राद्धाला भिंतीवर मतदान कार्डवालीच होती. तिलाच हार, तिलाच अगरबत्ती. मावशीही आली होती. पान वाढून झाल्यावर बाबांनी फ्रेम मांडीवर घेतली. काच बाहीने पुसली. मग भिंतीकडे मान करून म्हणाले, "ती सरकारी," आणि मांडीवर बोट ठेवलं, "ही आपली." मावशी म्हणाली, "आणि मी कोणाची?" सगळे हसले. पान ठेवलं तिथे कावळाही आला, पण त्याचं मला एवढं काही वाटलं नाही.

मी विचारलं, फ्रेम नेऊ का? बाबा हो म्हणाले. मावशी म्हणाली, "ने. मला परदेश बघायचाच होता."

जाणाऱ्यांना एक सांगतो. या बाजूला डोंगर-धबधब्यांसाठी या, जरूर या. पण कोणाच्या घरी चहाला बोलावलं तर भिंतीवर बघा. काळ्या-पांढऱ्या फोटोतला माणूस तुमच्याकडे असा बघत असेल की तुम्ही बसायलाच आलाय, तर समजा तो लोथारसाहेबाचा. आणि मोबाईल काढून घरातल्या म्हाताऱ्याचा मोठ्ठा फोटो पाठवायचं कबूल करण्याआधी विचार करा.

सलालाहला परत येऊन आता काही आठवडे झाले. फ्रेम माझ्या कॉटच्या वर लावलीय, हार नाही. या भिंतीला आमचे नियम माहीत नाहीत. पाय अजून वळवळतात. तिकिटांचे भाव अजून बघतो. पण खोलीवर आलो की आधी तिकडे बघतो, मग बूट काढतो.

परवा शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, माझा रूममेट अगरबत्ती ओवाळत खोलीभर फिरत होता. तो केरळचा आहे. फ्रेमपाशी आला तेव्हा मी त्याला थांबवलं. "इथे नको. यातली एक अजून आहे."

त्याने अगरबत्ती मागे घेतली. काचेजवळ तोंड नेऊन दोघींना नीट बघितलं, घाबरलेल्या पोरीला आणि हसणाऱ्या बाईला. मग हसणाऱ्या बाईवर बोट ठेवून म्हणाला, "अजून आहे ती ही ना?"

मी हो म्हटलं.