एका खाटेवरचे दोन पहारेकरी

आता हा गाढवपणा सांगायचा म्हणजे आधी मीच हसून घेते, म्हणजे तुम्हाला संकोच नको!

मी बोईसरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. साध्या वाक्यात दडलेला अर्थ शोधायची मला खोडच आहे. नवरा "मीठ कमी आहे" म्हणाला तरी मी विचार करत बसते, ह्याला नेमकं काय म्हणायचंय?

तर माझा जुना विद्यार्थी नीलेश. सफाळ्याचा, पण आता बोईसरला कंपनीत कामाला. त्याने चक्क कादंबरी लिहिली! राक्षस, जादूचा गड, उडणारे बैल, सगळं. गडावर दोन पहारेकरी. एक दिवसा राक्षस अडवतो, दुसरा रात्री. दोघांत खाट एकच. एक उठला की दुसरा त्याच उबेत झोपतो. भेट होते ती फक्त दारात, पहारा बदलताना.

"मॅडम, प्रकाशनाला तुमीच बोला," नीलेश म्हणाला. "माझा मित्र महेश येनार हाय. त्याच्यासाठीच लिहिलंय. पण तो काय वाचत नाय. तुमी सांगितलं तर त्याला माझ्या मनातलं कळंल."

मनातलं! आता तुम्हीच सांगा, यावर मी दुसरा काय अर्थ काढणार?

सफाळ्याच्या वाचनालयात चाळीसेक माणसं. पुढच्या रांगेत नीलेशची आई आणि तिच्या शेजारी महेश, कडक इस्त्रीच्या शर्टात. मी सुटलेच! "ही नुसती मैत्री नव्हे, ही प्रेमकथा आहे! ती खाट म्हणजे विरह! लेखकाच्या धाडसाला सलाम!" आणि टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

नीलेश कानाशी आला. "मॅडम, विरह कसला? आमची बोईसरची खोली हाय ती. मी फर्स्ट शिफ्टला, महेश नाईटला. दुसरी कॉट मावत नाय."

अगं बाई! सावरायला नको? मी पुन्हा माईक धरला. "माफ करा, प्रेमबिम काही नाही. निव्वळ जागेची सोय!"

महेश उभा राहिला. चेहरा पार उतरलेला. "सोय? मला कावीळ झाली तवा हा बारा दिवस जमिनीवर झोपला. ड्युटीवरून येऊन मला पेज भरवायचा. ती काय सोय व्हती?" मग नीलेशकडे वळून म्हणाला, "असं लिवलंस तू माझ्यावर?"

"नाय रे!" नीलेश रडकुंडीला आला.

प्रेम म्हटलं तर चुकलं, नाही म्हटलं तरी चुकलं. मग हे आहे तरी काय?

शेवटी नीलेशची आई उठली. "मला वाचून दाखवलंय त्याने. राक्षस दारात येतो नि रातचा पहारेकरी तापाने पडलेला असतो. तवा दुसरा म्हनतो, गड गेला तरी चालंल, मी याला सोडून जानार नाय. असं लिवलंय, महेश."

महेशने नीलेशला अशी मिठी मारली की त्याचा चष्माच खाली पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग ती माऊली माझ्याकडे वळून मायेने म्हणाली, "बाय, वाईट नका वाटून घेऊ. तुमाला तसं कोन भेटलं नसंल."

लागलं हो मला ते. फार लागलं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी डबा उघडला आणि अर्धी पोळीभाजी राऊतबाईंपुढे सरकवली. पंधरा वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसतो. त्यांनी पोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, "या वेळी तुमचे पेपर मी तपासणार नाही हं!"