रुंद छाती

काचेच्या कारखान्यात त्याला सगळे भाता म्हणत. लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन तो एका दमात भली मोठी बरणी फुगवायचा. पाहुणे आले की मालक त्यालाच पुढे करायचे. "शर्ट काढ रे, छाती दाखव." पिंपासारखी गोल छाती, आणि ती वर्षागणिक वाढतच चालली होती. बायको शर्ट उसवून उसवून थकली.

पन्नाशीला टेकला तसा त्याचा दम मोडला. बरणी अर्धी फुगायची आणि बसायची. "भात्याला भोक पडलं," कोणीतरी म्हणालं. मग त्याच्या पाठीमागे उभं राहून, ओठांचा चंबू करून धापा टाकायचा खेळच सुरू झाला. मालक म्हणाले, "एवढी छाती असून फुंकवत नाही? अंगचोर झालास." घरी बायकोचंही तेच. "दारात मावत नाही, आणि बादली उचलवत नाही."

शेवटी मेहुणा त्याला इस्पितळात घेऊन गेला. तोही त्याच कारखान्यात, भट्टीवर कामाला. नाकाला चिमटा लावून तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली, तेव्हा भात्याला जरा बरंच वाटलं. नळी म्हणजे त्याच्या ओळखीची गोष्ट.

"भरून घ्या. आता जोरात सोडा. सोडत राहा, सोडत राहा."

त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण हवा धाग्यासारखी निघत होती.

"काका, नीट फुंका, नाटकं नकोत," मशीनवरची बाई वैतागली. तीनदा फुंकायला लावलं. मग काचेच्या बंद खोलीत बसवून आणखी एक तपासणी झाली.

डॉक्टर म्हणाले, "छातीत हवा भरपूर आहे, गरजेपेक्षा जास्तच. सगळ्यांच्याच छातीत थोडी उरते, तुमच्या फार उरते. शिळी हवा बाहेर पडत नाही, मग ताजीला जागा कुठून मिळणार? त्या हवेनंच छाती अशी ताणली आहे."

"मग... हे बरं..."

"नाही. बिडी सोडा. पंपातलं औषध तोंडानं ओढत राहा."

जिन्यात मेहुणा हसायला लागला. "म्हणजे दाजी, मालक पाहुण्यांना तुमचा आजारच दाखवत होते." दुसऱ्या दिवशी हे कारखानाभर झालं. आठवडाभरात मालकांनी भात्याला घरी बसवलं आणि त्याची नळी मेहुण्याच्या हाती दिली.

आता तो दाराशी स्टुलावर, गुडघ्यांवर हात रोवून बसतो. वाक्य पुरं व्हायच्या आत श्वास संपतो, आणि उरलेलं बायको बोलून टाकते. परवा जुना सोबती डोकावला, धापा टाकायच्या खेळात तोच पहिला. "काय भात्या, कसं आहे?"

"रात्री... झोपच..."

"झोपतात हो मजेत," बायको म्हणाली. "काम ना धाम."

सोबती हसला. भात्यानं हात वर केला, थांब म्हणून. त्यानं श्वास गोळा करेपर्यंत सोबती रस्त्याला लागला होता.