एकवीस खाचा

खजराण्याच्या गणपतीकडे एका बुधवारी मी जे मागितलं, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. ह्यांची मिल बंद होऊन वर्ष होत आलं होतं. हे तरी रोज सकाळी मिलच्या फाटकापर्यंत जायचे, कुलूप बघायचे आणि परत यायचे. त्यातच रेणूच्या शाळेतून निरोप आला की मुलगी अठराची झाली, पुढच्या महिन्यापासून तिला शाळेत ठेवता येणार नाही. आमची रेणू मतिमंद. बोलते थोडंच, आणि पाचाच्या पुढे तिला मोजता येत नाही. शाळेतल्या बाईंनी शेवटची दोन वर्षं तिच्याकडून एकच काम करून घेतलं. एक लाकडी पट्टी, तिला एकवीस खाचा. प्रत्येक खाचेत एक काडी ठेवायची, पट्टी भरली की जुडी बांधायची, की पुन्हा पहिल्यापासून. "शाळेनंतर हाताला काहीतरी काम हवं ना, ताई," असं बाई म्हणायच्या. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. "काड्या बांधून कुणाचं पोट भरलंय, बाई?" असं मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं.

खजराण्याला नवस बोलायची एक रीत आहे. देवळाच्या मागच्या भिंतीवर कुंकवाने उलटा स्वस्तिक काढायचा आणि इच्छा पुरी झाली की येऊन तो सरळ करायचा. रेणूला शेजारी उभी करून मी उलटा काढला, डोळे मिटले आणि म्हटलं, देवा, आमच्या आधी हिला ने, आमच्यामागे हिला कोण बघणार? आपल्या मनातून असं काही निघू शकतं याचा मलाच धक्का बसला. तरी मी ते मागे घेतलं नाही.

डोळे उघडले तर रेणूने ओढणीने माझा स्वस्तिक पुसून टाकला होता आणि त्या जागी ती सरळ स्वस्तिक काढत होती, दिवाळीला उंबऱ्यावर काढायला मीच शिकवला होता तसा, चारही ठिपक्यांसकट. तिच्या लेखी आईचं चुकलं होतं आणि तिने ते नीट केलं होतं. सरळ स्वस्तिक म्हणजे इच्छा पुरी झाली. मी भिंतीला कपाळ टेकून नको, नको म्हणत राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मागे वळले तर रेणू नव्हती.

त्यानंतरचं मला तुटक तुटक आठवतं. लाडवांची दुकानं, चपलांचे ढीग, रस्त्यावर करकचून ब्रेक लावणारा एक टेम्पो. त्याच्या चाकांखाली वाकून बघताना मला रडूही येत नव्हतं. मागितलं ते मिळालं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

रेणू फुलांच्या एका दुकानात पोत्यावर बसलेली सापडली. शाळेच्या झोळीतली पट्टी काढून ती एकेका खाचेत एकेक दूर्वा ठेवत होती. शेजारी बांधलेल्या जुड्यांची रांग होती. गणपतीला दूर्वांची जुडी एकवीसचीच लागते, हे जन्मभर पूजा करूनही त्या पट्टीकडे बघताना माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"ताई, छोरी तुमची आहे का?" दुकानवाली मावशी म्हणाली. "माझी तर गिनतीत रोज गडबड होते. हिची एक पण जुडी चुकली नाही. बुधवारी इथे गर्दी असते, पाठवाल का हिला?"

मी तिथेच खाली बसले आणि तेव्हा रडले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंची माफी मागितली आणि विचारलं, एकवीसच का? त्या म्हणाल्या, "काही विचार केला नव्हता हो. घरात लाकडाचा एक तुकडा पडला होता, त्यात तेवढ्याच बसल्या."

पुढे एकदा मी तापाने पडले आणि रेणूचे दोन बुधवार बुडाले, तर मावशी पत्ता शोधत घरी आली. दारातूनच तिने ह्यांना विचारलं, "भियाजी, हमारी रेणू कहाँ है?" आतल्या खाटेवर मी ते 'हमारी' ऐकलं.

उलटा स्वस्तिक मी पुन्हा काढला नाही. काय मागावं हे मला कळत नाही, ते देवावर सोडलेलं बरं. बुधवारची पहिली जुडी रेणू माझ्या हातात देते आणि मी ती वाहते. त्या वेळी मी देवाकडे फक्त माफी मागते.